बळ्ळारी रोडवरचं फुप्फुस

मुलाकडे किंवा लेकीकडे बेंगळुरूला जाणाऱ्या मराठी आईबापांना बळ्ळारी रोड चांगला ठाऊक असतो, कारण विमानतळाची टॅक्सी याच रस्त्यावर रखडते. रखडलेल्या टॅक्सीतून पाट्या वाचायची मला खोड आहे. शहरातून निघालं की आधी लागते १९५९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्षयरोग संस्था. मेखरी सर्कलला डावीकडे वळलं तर भारतीय विज्ञान संस्था. न वळता हेब्बाळचा पूल ओलांडला की कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर, आणि त्याच आवारात मूलपेशींवर संशोधन करणारी ‘इनस्टेम’. फुप्फुसाचा जुना शत्रू आणि अवयव नव्यानं घडवण्याचं स्वप्न एकाच रस्त्यावर शेजारी राहतात.

या स्वप्नाला सध्या ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. २००९ साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथं हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी जेलमध्ये ठेवली आणि तिच्यापासून आतड्याची चिमुकली रचना आपोआप उभी राहिली. त्याआधी, २००६ मध्ये, शिन्या यामानाका यांनी मोठ्या झालेल्या पेशीला पुन्हा बाल्यावस्थेत नेण्याची युक्ती शोधली होती. या दोन वाटा एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेसन स्पेन्स यांच्या प्रयोगशाळेनं मानवी मूलपेशींपासून फुप्फुसाचे ऑर्गनॉइड वाढवले. ज्या जेलमध्ये असे गोळे वाढवतात, ते ‘मॅट्रिजेल’ उंदराच्या एका गाठीतून काढलेलं असतं. म्हणजे माणसाचं फुप्फुस उंदराच्या कर्करोगावर वाढतं. असं फुप्फुस कुणाच्या छातीत बसवणार?

खरं तर ते फुप्फुसच नसतं. खसखशीच्या दाण्याएवढ्या त्या गोळ्यात वायुमार्गाच्या आणि वायुकोशांच्या पेशी असतात, पण रक्तवाहिन्या नसतात, आणि रक्त पोहोचत नाही तोवर गोळा काही मिलिमीटरांपुढे वाढत नाही. आतल्या पेशी उपाशी मरतात. आपल्या छातीत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो जन्मभर ताणला जातो, सैल होतो आणि तरी गळत नाही. २०१० मध्ये येल विद्यापीठात लॉरा निक्लासन यांच्या गटानं उंदराच्या फुप्फुसातल्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्यावर नव्या पेशी पेरल्या आणि ते फुप्फुस उंदरांत बसवलं. ते चाललं जेमतेम दोन तास. माणसात पहिलं फुप्फुस-प्रत्यारोपण जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला, आणि प्रत्यारोपण खऱ्या अर्थानं टिकायला पुढं वीस वर्षं लागली. तेही तयार अवयवाचं!

गरज मात्र खरी आहे. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढं रण पेटलं ते आपण पाहिलं. कबुतरांच्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसात व्रण धरतात आणि ते कडक होत जातं. रोग फार पुढं गेला की उरते प्रत्यारोपणाची यादी. त्या यादीतल्या माणसाला आज ऑर्गनॉइडचा काहीही उपयोग नाही. हे स्पष्ट सांगायला संशोधक कचरत नाहीत. कचरतात ते बातम्यांचे मथळे.

मग हे सगळं कशासाठी? उत्तर मेखरी सर्कलच्या डाव्या वळणावर आहे. विज्ञान संस्थेत रचित अगरवाल यांच्या गटानं फुप्फुसासारखा मऊ कोलॅजन जेल घेतला, त्यात माणसाच्या रक्तातल्या पेशी ठेवल्या आणि क्षयाचे जंतू सोडले. हा काटेकोर अर्थानं ऑर्गनॉइड नव्हे, त्याचा चुलतभाऊ म्हणा. सपाट प्लास्टिकच्या डिशमध्ये असा संसर्ग आठवडाभर जेमतेम अभ्यासता येतो. इथं तो तीन आठवडे पाहता आला. त्याहून मोठी गोष्ट पायराझिनामाइडची. क्षयाच्या उपचारातलं हे दशकांपासूनचं औषध रुग्णांत उत्तम काम करतं, पण डिशमधल्या पेशींवर त्याचा परिणाम दाखवायला भलतीच मोठी मात्रा लागायची. २०२४ मध्ये या गटानं दाखवलं, की जेलमध्ये थोडक्या मात्रेतही ते काम करतं. मला ही बातमी ‘कृत्रिम फुप्फुस तयार’ या मथळ्यापेक्षा कितीतरी मोठी वाटते. औषध बरोबर होतं. ते जोखायची तऱ्हाच चुकली होती. अशा चुकलेल्या परीक्षेत नापास होऊन किती चांगली औषधं कचऱ्यात गेली असतील?

आणखी एक योगायोग. कोलॅजनचा तीन पदरी पीळ १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडला. पुढे रामचंद्रन याच विज्ञान संस्थेत आले आणि १९७१ मध्ये त्यांनी इथं रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग सुरू केला. ज्या धाग्याचा पीळ त्यांनी मोजला, त्याच धाग्याच्या जाळ्यात आज त्याच आवारात क्षयाचे जंतू वाढवून मारले जातात.

आपल्या औषध-चाचण्यांच्या नियमांनीही २०२३ मध्ये प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या अशा पद्धतींना जागा दिली. माझ्या मते ऑर्गनॉइडची पहिली खरी नोकरी हीच: अवयव म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. घाई केली की काय होतं ते स्वीडननं पाहिलं. मूलपेशी लावलेल्या प्लास्टिकच्या श्वासनलिका माणसांत बसवणाऱ्या पाओलो मॅकियारिनी या सर्जनला २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं अडीच वर्षांची कैद सुनावली. बहुतेक रुग्ण तोवर दगावले होते.

आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूलपेशींचा कुठलाही उपचार हा प्रयोगच आहे आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. प्रयोगाचे पैसे रुग्णानं द्यायचे नसतात. तेव्हा कुणी ‘तुमचं फुप्फुस नव्यानं उगवून देतो’ म्हणत बिल पुढे केलं, तर खुर्चीवरून उठा आणि सरळ घरी या.