टिलवा आणि पितृऋण

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या जाफराबादचा बसथांबा पाहण्यासारखा होतो. जालन्याहून आणि संभाजीनगरहून येणारी प्रत्येक एसटी दोन-चार मुलगे, एखादी लेक, एखादी सून, त्यांच्या बॅगा आणि खोकी उतरवून पुढे जाते. घराघरांच्या ओट्यांवर म्हातारी माणसे बसलेली असतात. ती रस्त्याकडे पाहत नाहीत असे दाखवतात, आणि रस्त्याखेरीज दुसरीकडे कोठेही पाहत नाहीत.

या सर्वांच्या आधी, भाद्रपदातच, आमच्याकडे एक पाहुणा येऊन राहिलेला असतो. त्याची वाट कोणी पाहत नाही. पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावर वसलेले आमचे गाव. पावसाळा ओसरू लागला की नदीच्या कडेला आणि गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या काठी चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात चिमणीहूनही लहान, वरून करडी, खालून पांढरी, काळ्या चोचीची आणि काळ्या पायांची पाखरे शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारीत धावत असतात. पक्ष्यांच्या पुस्तकांत यांचे नाव छोटा टिलवा असे दिले आहे. माझी आणि त्यांची ओळख मात्र गावात झाली नाही. शाळेची सहल पैठणला गेली असताना नाथसागराच्या काठी एका जाणत्या गृहस्थांनी दुर्बीण माझ्या हाती दिली. गोदावरीवरचे जायकवाडी धरण 1976 मध्ये झाले आणि 1986 मध्ये त्या जलाशयाला पक्षी अभयारण्य जाहीर केले, एवढे मी मुलांना पाठ करून सांगत होतो. पण त्या दुर्बिणीतून जे दिसले ते पाठ करण्यातले नव्हते. परत आल्यावर पाहतो तो तीच पाखरे आमच्या तलावावर! इतकी वर्षे मी त्यांच्या शेजारून सायकल मारीत शाळेत जात होतो.

या टिलव्याचे वजन अवघे पंचवीस ग्रॅमच्या आसपास. त्याचे जन्मस्थान पृथ्वीच्या माथ्यावर, रशियाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्राच्या कडेला. तिथे झाड नाही; शेवाळ, खुरटे गवत आणि पाणथळ. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत सूर्य मावळत नाही आणि डासमाश्यांचे नुसते रान माजते. तेवढ्यात या पक्ष्याला आपला सारा प्रपंच उरकायचा असतो. जमिनीत उथळ खळगा करायचा, त्यात चार अंडी घालायची. त्या चार अंड्यांचे वजन जवळजवळ आईच्या वजनाइतके भरते. पुष्कळदा मादी पहिली चार अंडी नराच्या स्वाधीन करते, पुन्हा चार घालते आणि ती स्वतः उबवते. म्हणजे बाप एका खळग्यावर, आई दुसऱ्या.

त्याच कुळात फलारोप नावाचा पक्षी आहे. लाल मानेचा फलारोप आपल्या अरबी समुद्रात हिवाळा काढतो. त्याच्यात रंगीत, तोऱ्याची असते ती मादी. अंडी घालून ती निघून जाते. उबवणे आणि पिलांची राखण साधासुधा नर करतो. मातृहृदयाविषयी आपण शाळेत जे निबंध लिहून घेतो त्यांचे या पक्ष्यासमोर काय करावे, हा प्रश्न मला पडला होता. तो आज बाजूला ठेवतो. मला बोलायचे आहे ते पुढल्या गोष्टीविषयी.

टिलव्याची पिले अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात खळगा सोडतात आणि आपले भक्ष्य आपणच टिपू लागतात. मोठी पाखरे त्यांना फक्त ऊब आणि इशारा देतात. दोन-अडीच आठवड्यांत पिलांना उडता येऊ लागते. आणि मग, जुलै संपता संपता, मोठी पाखरे दक्षिणेची वाट धरतात. पिले मागेच राहतात. ती आणखी काही आठवडे खाऊन-पिऊन अंगावर चरबी धरतात आणि एके दिवशी उठून निघतात. आमचे गाव तेथून सहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. सोबत वाटाड्या नाही, वाट पाहिलेली नाही, पलीकडे काय आहे हे कोणी सांगितलेले नाही. आमच्या चिखलात सप्टेंबरमध्ये जी पिले दिसतात, त्यांच्या पाठीवर पिसांच्या पांढऱ्या दोन रेघांचा एक कोन असतो. त्यावरून ती ओळखता येतात. दीड-दोन महिन्यांचे वय आणि सहा हजार किलोमीटर!

गेल्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी मी ती पाखरे पाहत उभा होतो तेव्हा माझ्या मनात एक वाक्य तयार होते. ते मी आदल्या रात्री जुळवले होते. माझ्या मुलीला पुण्याला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि दोन दिवसांत तिला निघायचे होते. वाक्य असे होते, "आबांच्या छातीत परत दुखायला लागलंय, आता तूच बघ काय करायचं ते."

हे वाक्य माझे नव्हे. ते मला वारशाने मिळालेले आहे. 1995 साली मी मॅट्रिक झालो. औरंगाबादला, तेव्हा त्या शहराचे तेच नाव होते, मामांनी मला कॉलेजसाठी ठेवून घ्यायचे कबूल केले होते. निघायच्या आदल्या दिवशी माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, छातीला हात लावून बाजेवर आडवे झाले. "तू जा, माझं काय व्हायचं ते होईल," असे म्हणाले. मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी दारात आलो तर दादा अंगणात खताचे भरलेले पोते एकट्याने खांद्यावर घेत होते. मी आत वळलो. पुढे मी गावातच मास्तर झालो, जमेल तशा कादंबऱ्या लिहिल्या, संसार केला. त्या पोत्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

ते खोटे बोलले हे खरे. पण ते दुष्टपणाने बोलले असे मला तेव्हाही वाटले नाही. ते घाबरले होते. एकच मुलगा, कोरडवाहू जमीन, गेलेला मुलगा परत येत नाही हे चार घरी पाहिलेले. माझा प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही. मुलाला वाढवले म्हणून त्याच्यावर आपला हक्क लागतो काय, आणि लागत असेल तर तो कोणत्या मार्गाने वसूल करावा?

आपल्याकडे यासाठी पितृऋण हा शब्द तयार आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो नेहमी असतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हे बापाला परत करायचे कर्ज. मूळ कल्पना तशी नाही. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. म्हणजे बापाकडून घेतलेले देणे मुलाने आपल्या मुलाला द्यायचे! उसने घेतलेले पायलीभर धान्य ज्याचे त्याला नाही, पुढच्या घरी नेऊन घालायचे. हे मला समजले तेव्हा पुष्कळ वर्षे उलटली होती, आणि मला राग येण्याऐवजी हसूच आले.

या हिशेबाने टिलवा मोठा शास्त्रशुद्ध पक्षी ठरतो. पण येथे मला स्वतःचाच हात धरावा लागतो. निसर्गाकडे बोट दाखवून नीती सांगणारा माणूस बहुधा आपल्याला हवे तेवढेच पाहतो. त्याच नाथसागरावर पट्टकादंब हंस येतात. त्यांची पिले पहिला प्रवास आईबापांच्या सोबतीने करतात आणि हिवाळाभर त्यांच्याजवळ राहतात. 1995 साली दादांना कोणी पक्षी दाखवले असते तर त्यांनी हंसच दाखला म्हणून दिला असता. शिवाय टिलव्याचे पिलू एका दिवसात आपले पोट भरते; माणसाच्या पोराला त्यासाठी वीस वर्षे लागतात. आणि टिलव्याच्या ओट्यावर बाजेवर पडलेला म्हातारा नसतो. ऋण पुढे फेडायचे म्हटले तरी म्हाताऱ्याला संध्याकाळी भाकरी लागतेच. ती कोणत्या खात्यावर मांडायची?

तरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पर्डेक नावाच्या एका डच संशोधकाने 1958 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मैनेच्या जातीचे अकरा हजारांवर स्थलांतरी पक्षी त्याने हेगजवळ पकडून, पायांत वाळे अडकवून, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. जे पक्षी पूर्वी एकदा प्रवास करून आले होते त्यांनी आपली चूक दुरुस्त केली आणि ते नेहमीच्या मुक्कामाच्या रोखाने वळले. पहिल्यांदाच निघालेली पिले मात्र रक्तात असलेल्या दिशेने सरळ गेली आणि फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनला पोचली. जन्माने दिशा मिळते. ती चुकली तर वळावे कसे, हे जाऊन आलेल्यालाच कळते. मी तर कोठे गेलोच नव्हतो. मग मुलीला देण्यासारखे माझ्याजवळ होते काय? ते एक वाक्य.

त्या सकाळी मी घरी आलो. ती कपड्यांना इस्त्री करीत होती. मी काही बोलण्याआधी तिनेच विचारले, "बाबा, आबांची तब्येत खरंच बरी आहे ना? रात्री कण्हत होते."

आणि खरे म्हणजे ती बरी नव्हती. दादांना आता सत्तरीपुढची पाच वर्षे झाली आहेत. या वेळी छातीचे दुखणे खोटे नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. म्हणजे जे वाक्य मी लबाडी म्हणून जुळवले होते ते अर्धे खरे होते. बरी आहे म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर तिच्या पायात दोरी. मी म्हणालो, "बरी नाही. गोळ्या चालू आहेत. मी आहे इथं. तू जा." ती बराच वेळ इस्त्री एकाच बाहीवरून फिरवत राहिली. खरे सांगणे हेही अडवणेच होते का, हे मला आजपर्यंत ठरवता आलेले नाही.

ती गेली. बसथांब्यावर दादा हट्टाने काठी टेकत आले. तिच्या हातात घडी घातलेली नोट दिली, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले. परतताना निम्म्या वाटेत ते थांबले. मला वाटले, दम लागला असेल.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "मी पोतं उचललं तवा तू दारात हुतास ना?"

"कोणत्या दिवशी, दादा?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि आम्ही घराकडे वळलो.