आधी कान, मग अक्षर

वाचन डोळ्यांनी होत असले, तरी त्याचा पाया कानात घातला जातो. अक्षरओळखीआधी यमक ओळखू शकणारी मुले पुढे वाचनात सरस ठरतात, हे ऑक्सफर्डच्या ब्रॅडली व ब्रायंट यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. सिल्वासा परिसरातील मराठी शाळेत येणारे वारली मूलही कान घेऊनच येते. मात्र तो वारली बोलीवर घडलेला असतो. त्याचा उच्चार आम्ही ‘अशुद्ध’ ठरवतो, तेव्हा त्याला पुस्तकाशी जोडणारा दुवाच तोडतो. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. भाषेतही शाळेनेच मुलाकडे जायला हवे. गुजराती-हिंदीच्या शेजारात आपल्या मराठीसाठी मान मागणाऱ्या आम्हांला वारलीचा मान नाकारण्याचा अधिकार पोहोचतो काय?