परीटघडीचा हक्क

टाय ही गुलामीची खूण आणि टी-शर्ट ही लोकशाहीची, असे मत आपल्याकडे हल्ली फार ठामपणे मांडले जाते. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी निर्देश काढले: पुरुषांनी शर्ट-पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा, जीन्स आणि टी-शर्ट नको. त्यानंतरच्या वादात या मताला नवे बळ मिळाले. ते निर्देश मलाही अमान्य आहेत; का, ते पुढे सांगतो. पण विरोधकांनी दिलेले कारण मला जास्त खटकते. माणूस कामावरून ओळखावा, कपड्यांवरून नव्हे, असे ते म्हणतात. असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कपड्यांवरून कुणी कधी दारात अडवलेले नसते.

ज्यांना अडवले गेले, त्यांचा अनुभव निराळा आहे. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी नोंदवल्या आहेत. बलाईंनी जरीकाठाची पगडी बांधायची नाही, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, इथून त्या अटींची सुरुवात होते. मोबदला न मागता राबण्याची अट नंतर येते. अटी नाकारल्यावर विहिरी बंद झाल्या. म्हणजे धोतराचा काठ हा त्या गावांत पाण्याइतकाच गंभीर विषय होता, आणि तो कुणी केला होता हे उघड आहे. चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून देणाऱ्या मनुस्मृतीचाच तो वारसा.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर तिथेच स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी लुगडे कसे नेसावे, हा विषय घेतला. जात सांगणारे नेसणे टाका, जात सांगणारे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. एवढ्या मोठ्या लढ्याच्या मधोमध त्यांना नेसण्यावर बोलावेसे वाटले, याचा विचार आपल्या वैचारिक वर्तुळात पुरेसा झालेला नाही. कपडा वरवरचा, विचार आतला, या समजुतीत आपण वाढलो. बाबासाहेबांना ही चैन परवडणारी नव्हती.

त्यांचा स्वतःचा कोट याच विचारातून पाहायला हवा. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या कचेरीत बसला, तेव्हा शिपाई त्याच्या टेबलावर फायली लांबून फेकत. साहेबी शिक्षणाने आणि साहेबी पोशाखाने विटाळ जात नाही, हे त्यांनी सोसून जाणले होते. तरी जाहीर जीवनात कोट-टाय ही त्यांची ओळख राहिली. समोरच्याने मान दिल्यावर मानाने राहू, अशी वाट पाहत ते थांबले नाहीत. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला, त्या त्यागाचे मोल मी कमी करत नाही; पण बॅरिस्टरचा कोट गांधीजींच्या अंगावर आधी होऊन गेला होता. ज्याचा हक्कच नाकारला गेला, त्याने त्याग कशाचा करायचा? २०२३ मध्येही गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. वस्तीतला मुलगा पहिल्या मुलाखतीसाठी ब्लेझर शिवून घेतो, तेव्हा त्याला गुलाम म्हणण्याआधी हे आठवावे.

रिचर्ड सेनेट या समाजशास्त्रज्ञाने 'द फॉल ऑफ पब्लिक मॅन' या १९७७ च्या ग्रंथात सभ्यतेची तुलना मुखवट्याशी केली आहे. मुखवट्यामुळे माणसे एकमेकांच्या खासगी ओझ्यापासून वाचतात आणि अनोळखी असूनही एकत्र नांदू शकतात. मला हे पटते. घरातला मी आणि चारचौघांतला मी यांत अंतर राखणे हा ढोंगीपणा नाही. मार्क झुकरबर्गची हुडी जगभर गाजली, पण एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे उत्तरे द्यायला तो सूट आणि टाय घालून बसला. आपण कुणाला तरी उत्तरदायी आहोत, हे त्या दिवशी त्याच्या पोशाखात दिसत होते. रोजच्या सैल कपड्यांत ते दिसत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

इथवर आल्यावर माझ्याच बाजूची एक अडचण समोर उभी राहते. आज मुंबईत टाय कुणाच्या गळ्यात दिसते? मॉलच्या दारातला पहारेकरी, डॉक्टरांच्या बाहेर ताटकळणारा औषध कंपनीचा एमआर, मे महिन्यात दारोदार फिरणारा विक्रेता. इन्फोसिसने २०१५ मध्ये पेहरावाची अट सैल केली, इतर कंपन्यांतही तेच झाले. वातानुकूलित खोलीतला वरिष्ठ मोकळा झाला आणि उन्हातला माणूस गळाबंद राहिला. नीटनेटका पोशाख म्हणजे आदर असेल, तर आज तो फक्त खालून वर वाहतो आहे. अशा पोशाखाचे सरसकट समर्थन मी करू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे मी बदलून मांडतो. परीटघडीचे कपडे हा दुबळ्याचा हक्क आहे आणि बलवानाचे कर्तव्य आहे. तहसील कचेरीत दाखल्यासाठी येणारा शेतकरी ठेवणीतले धोतर, धुतलेला सदरा आणि टोपी घालून येतो. कोट-टायची सक्ती इथे नाहीच. आपल्या हवेत तो पोशाखही पुरेसा औपचारिक आहे. प्रश्न टेबलापलीकडच्या माणसाचा आहे. चुरगळलेल्या टी-शर्टात बसून तो त्या शेतकऱ्याला 'उद्या या' म्हणतो, तेव्हा त्याच्या मोकळेपणात मला समता दिसत नाही.

शिक्षण विभागाचे निर्देश इथेच चुकतात. ते वरून खाली सुटले आहेत. शिक्षणसेवकाला शर्ट खोचायला सांगणाऱ्या शासनाने आधी त्याच्या महिना सोळा हजारांच्या मानधनाकडे पाहावे. नियमच करायचे असतील तर ते मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी आणि कंपन्यांचे प्रमुख यांच्यापासून सुरू व्हावेत, आणि लोकांना सामोरे जातानाच्या वेळेपुरते असावेत. पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यातली टाय काढायची की ठेवायची, हे मात्र त्याला विचारून ठरवावे.