राजवैभवाचा त्याग आणि अभयाचे दान : सर्वज्ञ श्री चक्रधर स्वामी



गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील डाकराम-सुकडी हे सर्वज्ञ श्री चक्रधर स्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेले स्थान होय. बोदलकसा तलावाच्या परिसरातील या गावी चैत्र पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते. दुरून पायी आलेला भाविक स्थानाला नमस्कार करतो, विडा-नारळ अर्पण करतो आणि प्रसाद घेऊन परततो. परंतु राजमहालात वाढलेला एक पुरुष कोणे एके काळी या घनदाट झाडीत अनवाणी का आला, हे जाणून केलेला नमस्कार अधिक फलदायी ठरतो.

राजकुमार हरिपाळदेव

गुजरातेतील भडोच येथे प्रधान विशाळदेव आणि माल्हणदेवी यांच्या पोटी हरिपाळदेव नावाचा पुत्र होता. महानुभाव परंपरेनुसार ऐन तारुण्यात हरिपाळदेवाचे निधन झाले. त्याच वेळी द्वारावतीचे श्री चक्रपाणी प्रभू, म्हणजेच चांगदेव राऊळ, यांनी आपला देह त्यागून त्या देहाचा स्वीकार केला आणि स्मशानात नेलेला राजकुमार उठून बसला. भाद्रपद शुद्ध द्वितीया हा स्वामींचा अवतारदिन म्हणून सर्वत्र साजरा होतो.

पुढे संसार सुरू झाला. पत्नी कमळाइसा, राजवाड्यातील सुखे, सेवक, मानमरातब, कशाचीच उणीव नव्हती. राजकुमाराला द्यूताचा छंद होता. एकदा डाव उलटला आणि मोठी रक्कम हरली. देणे फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागितले, तेव्हा तिने नकार दिला. अखेर पित्याने ते देणे चुकते केले. प्रसंग तसा लहानच. असे अपमान घरोघरी घडतात आणि माणसे ते विसरूनही जातात. हरिपाळदेव मात्र विसरले नाहीत. ज्याला आपण आपले म्हणतो ते नेमके गरजेच्या वेळी आपले राहत नाही, हे त्यांना उमगले. त्यांचा राग पत्नीवर राहिला नाही, तर आसक्तीच गळून पडली. खऱ्या वैराग्याची खूण हीच.

रामटेकच्या वाटेवर

श्रीरामाच्या दर्शनासाठी रामटेकला जाण्याची अनुमती त्यांनी पित्याकडे मागितली. यादवांचे राज्य म्हणजे शत्रूचा मुलूख, तेथे एकुलत्या पुत्राला कसे पाठवावे, या चिंतेने विशाळदेवांनी प्रथम नकार दिला. पुत्राचा निश्चय ढळेना, तेव्हा लवाजमा देऊन निरोप दिला. वाटेत हरिपाळदेवांनी सोबतची माणसे टप्प्याटप्प्याने मागे धाडली आणि शेवटी उरलेल्यांनाही सोडून ते एकटेच निघाले.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यांना श्री गोविंदप्रभूंचे दर्शन घडले. प्रभूंनी दिलेल्या प्रसादातून त्यांनी ज्ञानशक्तीचा स्वीकार केला आणि हरिपाळदेवांचे चक्रधर झाले. त्यानंतर साळबर्डीच्या डोंगरात त्यांनी तप केले आणि पुढे दीर्घकाळ एकाकी भ्रमण केले. भडोचच्या राजकुमाराला आता कोणी ओळखत नव्हते. मिळेल ती भिक्षा हेच अन्न आणि देवळाचा ओटा किंवा झाडाची सावली हाच निवारा होता.

झाडीतील अभय

स्वामींच्या या एकाकी भ्रमणाच्या लीळा ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाच्या ‘एकांक’ भागात आल्या आहेत. डाकरामची आठवण त्याच काळातली असून ती व्याघ्रभयाच्या निवारणाची मानली जाते. हा प्रदेश म्हणजे प्राचीन झाडी. आजही शेजारी नागझिऱ्याचे अरण्य आहे. 1970 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. पहाटे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला रानात जाणाऱ्या माऊलीला वाघाचे भय म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी अभय देणाऱ्या सत्पुरुषाची आठवण सुमारे साडेसातशे वर्षे टिकली, यात नवल नाही.

मात्र स्वामींचे अभय केवळ माणसांपुरते नव्हते. शिकारी कुत्र्यांनी पिटाळलेला एक ससा जीव वाचवण्यासाठी स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी आले आणि त्यांनी आपली शिकार मागितली. शरण आलेल्याला मृत्यूच्या हाती द्यायचे नसते, हे स्वामींनी त्यांना शांतपणे समजावले. पारधी निघून गेल्यावर सशाला ‘महात्मा’ असे संबोधून त्यांनी त्याला रानात जाऊ दिले. ज्यांनी राजदंड सोडला, त्यांच्या शब्दाने शस्त्रे थांबली. सत्तेने माणूस भितो, पण करुणेने तो बदलतो.

राज्य सोडणाऱ्याचा वारसा

पुढे पैठण येथे संन्यास स्वीकारून स्वामींनी साधारण 1267 ते 1274 या काळात शिष्यपरिवाराला निरूपण केले. त्या काळी धर्मज्ञान संस्कृतात बंदिस्त होते. स्वामी मूळचे गुजरातेतले, तरी त्यांनी निरूपण केले ते सामान्य जनांच्या मराठीत. स्त्रियांना आणि तळागाळातील माणसांनाही त्यांनी ज्ञानाचा समान अधिकार दिला. देहधर्माचा विटाळ मानू नये, अशी त्यांची शिकवण होती. महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री याच परिवारातली, आणि आपल्या भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकर हेही स्वामींचे निकटचे भक्त. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, म्हणून हे नाते या भूमीला घरचेच वाटते.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून एकेक आठवण पारखून घेतली. त्यातून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ होय. खिलजीच्या स्वारीत मूळ प्रत हरवली, तेव्हा भक्तांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. स्वामी जेथे जेथे थांबले, त्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’त दिशांसह करून ठेवली गेली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीन समृद्धीचा विचार लीळाचरित्राला वगळून होऊच शकत नाही.

राजे गेले आणि त्यांचे किल्लेही ढासळले. ज्याने काहीच बांधले नाही, त्याच्या बसण्याच्या जागांपुढे मात्र लोक आजही लोटांगण घालतात.

भाविक आणि दात्यांसाठी

महानुभाव पंथात स्थानवंदनाला विशेष महत्त्व आहे. स्वामींचा स्पर्श ज्या भूमीला झाला, ती भूमीच येथे पूज्य आहे. म्हणून स्थानी आल्यावर शांतपणे दंडवत घालावे, घाई-गर्दी करू नये आणि क्षणभर नामस्मरण करावे.

दानाविषयी एक गोष्ट दात्यांनी ध्यानी घ्यावी. ज्यांनी आपले राजवैभव वाटेतच सोडले, त्यांना सोन्या-चांदीची आवश्यकता नाही. स्वामींनी शिष्यांना संग्रह न करण्याची आणि भिक्षेवर राहण्याची आज्ञा केली होती. त्यामुळे येथे दिलेले दान स्वामींना नव्हे, तर स्वामींच्या नावाने पुढच्या यात्रेकरूला पोहोचते. कोणाच्या पानात अन्न, कोणाच्या डोक्यावर छप्पर, चैत्राच्या उन्हात कोणाला थंड पाणी, हेच त्याचे खरे रूप. दहा रुपयांचे असो वा दहा हजारांचे, देताना मनातील ‘माझे’पण सुटले तरच ते दान.

आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नाही, त्यानेही रिक्त हस्ते परतू नये. आपल्याला भिणारा एखादा जीव, मग ते घरातील लेकरू असो, दारातील जनावर असो की हाताखालचा मजूर, त्याला अभय देण्याचा संकल्प करून जावे. ससा ज्यांच्या मांडीखाली विसावला, त्या स्वामींना याहून प्रिय भेट दुसरी नाही.

॥ श्री चक्रधर स्वामी की जय ॥