सुरांची मोजपट्टी

रफी मोठे की तलत मोठे, हा वाद आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून चालत आलेला. अब्बा रफींचे, मामू तलत महमूद यांचे. दोघेही गायक १९२४ सालचे. एक पंजाबातल्या कोटला सुलतानसिंहचे, दुसरे लखनौचे. अब्बा 'बैजू बावरा'मधलं 'ओ दुनिया के रखवाले' पुढे करायचे, तर मामू डोळे मिटून फक्त मान हलवायचे. वाद कधी मिटला नाही.

परवा स्टाफरूममध्ये मात्र एका तरुण सहकाऱ्याने असलाच वाद एका मिनिटात मिटवला. त्याच्या मोबाइलवर तक्ता होता. कोणत्या गायकाचा गळा किती सप्तकं फिरतो, याचा. "सर, आकडा समोर आहे. पल्ला जास्त तो गवई मोठा." सगळे गप्प झाले. मीही गप्प झालो, पण माझं कारण वेगळं होतं. ते पुढे येईलच.

आधी त्या आकड्याविषयी. सप्तक हे अंतर नसून प्रमाण आहे. सेकंदाला २०० कंपनं ४०० झाली की एक सप्तक होतं, आणि ४०० ची ८०० झाली तरी एकच सप्तक होतं. त्यामुळे ज्याचा आवाज उंच त्याचा पल्ला मोठा, ही समजूत चुकीची. बाईचा आवाज मुळात पुरुषाच्या वरून सुरू होतो, एवढंच. लताबाईंचा सूर उंच लागतो म्हणून त्यांचा पल्ला रफींपेक्षा मोठा ठरत नाही. कमीही ठरत नाही. दुसरं असं की एखादा सूर क्षणभर किंचाळून गाठणं वेगळं आणि त्या सुरावर उभं राहून शब्द नीट उच्चारणं वेगळं. तक्ते करणारे बहुधा दोन्ही एकाच रकान्यात टाकतात. टेपचा वेग जरा वाढला तरी सूर चढतो, हे तर जुन्या कॅसेट ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. रेकॉर्डवर गळ्याची हद्द सापडत नाही. संगीतकाराने जेवढं मागितलं तेवढंच सापडतं. नौशादनी १९५२ साली दरबारीत ते गाणं बांधलं आणि रफींकडून तार सप्तकाची चढण मागितली. त्याच नौशादनी १९५० च्या 'बाबुल'मध्ये तलतना घेतलं, तिथे तशी चढण मागितली नाही. मग आपण मोजतो काय? गळा की मागणी? तलत यांच्या आवाजात एक लर्जिश होती. ते स्वतः तिला ऐब समजून लपवायला बघत होते. अनिल विश्वास यांनी ती ओळखली आणि 'आरजू'मध्ये जशीच्या तशी येऊ दिली. मामू ज्यासाठी डोळे मिटायचे ते तेच होतं. त्याला तक्त्यात रकाना नाही.

हे सगळं मी त्या सहकाऱ्याला सांगितलं. तो हुशार आहे, लगेच म्हणाला, "सर, मोजमाप सोडलं की सिफारिश शिरते. मग ज्याचा चाचा कमिटीत, त्याचा मुलगा पहिला." याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिक्षक माणूस, जन्म गुण देण्यात चाललाय. सर्वांना एकच माप लावणं म्हणजे इन्साफ, असंच मुलांना शिकवत आलो.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण. काही वर्षांपूर्वी शाळेच्या नज्मख्वानीच्या मुकाबल्यात परीक्षकांचा कागद मीच तयार केला होता. त्यात 'आवाजाची बुलंदी' याला १० गुण. सिफारिशीला वाव नको, म्हणूनच. आदल्या वर्षी आठवीतला एक मुलगा पहिला आला होता, आवाज बासरीसारखा. नववीत त्याचा आवाज फुटला. या वयात मुलांच्या स्वरतंतूंची लांबी वाढते, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो आणि काही महिने गळा मालकाचं ऐकत नाही. बी.एड. झालेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. मुलाने पट्टी खाली घेतली आणि नज्म हळू, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. अर्थ त्या दिवशी फक्त त्यालाच कळला होता, हे मला ऐकताना जाणवलं. तरी रकान्याप्रमाणे मी ३ गुण दिले. बेईमानी कुठेच नव्हती. निकालानंतर तो म्हणाला, "सर, वरचा आवाज आता येतच नाही." मी पाठ थोपटली, आणखी काय करणार? पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं नाही.

अब्बा आणि मामूंचा वाद मला आता वेगळा वाटतो. त्यांच्याजवळ आकडा नव्हता, म्हणून दर वेळी आपण काय ऐकलं ते एकमेकांना सांगावं लागायचं. अब्बा एकदा चिडून तलतची रेकॉर्ड लावून बसले होते, मामूंना चूक दाखवायला. ती संपल्यावर पुन्हा लावली. मामूंना अर्थातच ते कबूल केलं नाही.

यंदाच्या जलशाचा कागद माझ्या टेबलावर आहे. 'बुलंदी'वर मी काट मारली. १० गुण मोकळे झालेत, आणि त्यांच्यापुढे काय लिहावं यावर त्या सहकाऱ्याशी दोन दिवस रोज मधल्या सुट्टीत भांडण चाललंय. त्याचं म्हणणं, जे लिहाल ते तिघा परीक्षकांना सारखंच कळलं पाहिजे.