उद्याचे धान्य

चैत्र सरून वैशाख लागला की बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही एक प्रश्न विचारला जातो : यंदा गहू किती भरायचा? प्रश्न साधा, व्यवहाराचा. घरात खाणारी तोंडे किती, सुट्टीत मुले-नातवंडे किती दिवस राहणार, गेल्या वर्षीचा किती उरला, एवढे पाहिले की उत्तर निघते. पण गेली काही वर्षे आम्हांला या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दिसू लागला आहे. उद्यासाठी धान्य साठवून ठेवणे हा गृहस्थाचा धर्म, की उद्यावरचा आणि शेजाऱ्यावरचा अविश्वास?

आमच्या लहानपणी हा विचार कोणाच्या मनाला शिवला नसता. हाथीखान्याच्या बाजारातून गव्हाची पोती येत, गच्चीवर जुन्या लुगड्यांवर गहू पसरला जाई, आणि दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊन तो निवडायला खाली येई. मग एरंडेलाचा हात. ही रीत आमच्या बायकांनी गुजराती शेजारणींकडून उचलली. त्या एरंडेलाला 'दिवेल' म्हणतात आणि आमच्याही घरात तोच शब्द रुळला. तेल इतकेच की दाणा चमकावा, ओला होऊ नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला तळाशी, मध्ये आणि वर. तूरडाळीला ऊन, चिंचेतले चिंचोके काढून मीठ लावून गोळे, तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा. कोकणात याला आगोटीची बेगमी म्हणतात आणि गोव्यात, पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाने, पुरुमेंत. तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांची सोय करायची. इथे पुऱ्या वर्षाची. भीती मात्र एकाच जातीची.

ती भीती खोटी नव्हती, हे आधीच नमूद केले पाहिजे. आमच्या पणजीच्या पिढीने छप्पनियो पाहिला होता. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ गुजरातेत आजही त्याच नावाने ओळखला जातो. माणसे मेली, गुरे तर अगणित मेली. ज्या बाईने तो काळ डोळ्यांनी पाहिला, तिने पुढे आयुष्यभर डब्याचा तळ दिसू दिला नाही, यात नवल कसले? आमच्या आजीकडे तिचा हा नेम जसाच्या तसा आला. तिच्या तोंडी 'संपले' हा शब्द नसे. मीठ संपत आले की 'मीठ वाढले' म्हणायचे, बांगडी फुटली की ती 'वाढवली' म्हणायचे, तसेच. अभावाचे नाव घेतले की अभाव घरात शिरतो, असे तिला वाटे. आम्ही हसत असू. आता तितके हसू येत नाही.

स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे पाहिले, की आणखी एक गोष्ट जाणवते. तिथे तयार अन्न जवळजवळ नसते. असते ती अन्नाची शक्यता. रवा आहे, पण त्याचा उपमा होणार, शिरा होणार की लाडू, हे अजून ठरलेले नाही. हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळी होईल, वाटली डाळ होईल, किंवा नुसती फोडणीत चिमूटभर पडेल. आणि मुख्य म्हणजे यातले काहीही किती जणांसाठी, हेही ठरलेले नाही. हल्ली दुकानात मिळणाऱ्या तयार पाकिटावर किती माणसांना पुरेल, ते छापलेलेच असते. दोघांचे पाकीट तिघांना वाढता येत नाही. आमटीचे तसे नाही. अवेळी कोणी दारात आले तर घरची बाई काही न बोलता आत जाते, आमटीत पाणी घालते, मीठ-तिखट पुन्हा चाखते, मूठभर तांदूळ अधिक धुते. तूरडाळ, तांदूळ, हळद, हिंग, मीठ, गूळ आणि चार आमसुले घरात असली, तर आलेल्याला उपाशी पाठवण्याचे कारण उरत नाही. आमच्या मते मूलभूत जिन्नस म्हणावेत ते एवढेच, बाकीचे हौसेचे. (गोडा मसाला हौसेचा म्हटल्याबद्दल घरून आक्षेप आला आहे, तो इथे नोंदवतो.)

त्या आक्षेपात तथ्य आहे. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या घरांत फडताळ हे पोटाखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी भरलेले असते. दगडफूल आणि नागकेशर इथल्या मसाल्यात कोणी फारसे घालत नाही. आमसुले एके काळी पुण्याहून वा रत्नागिरीहून येणाऱ्या पाहुण्याच्या ट्रंकेतून येत, आणि ती जपून, मोजून वापरली जात. मेतकुटाची बरणी नात्यातल्या बाळंतिणीसाठी राखून ठेवलेली असे. आपण कोण, हे त्या मांडणीवर लिहिलेले होते. ती साठवण भुकेची नव्हती; विसरून जाण्याच्या भयाची होती. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि त्यात शिरलो तर आमचा मूळ प्रश्न बाजूला राहील.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला एक उत्तर दिलेले नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाचे, त्याच्या साठ्यावरून, चार प्रकार केले आहेत. कोठार भरेल इतके धान्य बाळगणारा तो कुसूलधान्यक, रांजणभर बाळगणारा तो कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते असलेला त्र्यहैहिक, आणि ज्याच्याकडे उद्याचेही नाही तो अश्वस्तनिक. कोठार नेमके किती काळाचे, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. पुढच्याच श्लोकात या चौघांत नंतरचा नंतरचा श्रेष्ठ ठरवला आहे. म्हणजे आमची आजी सर्वांत खालच्या पायरीवर! उलट तैत्तिरीय उपनिषद गृहस्थाला अन्न भरपूर करण्याचे व्रत सांगते, आणि त्याला लागूनच आश्रयाला आलेल्या कोणालाही नाकारू नये असे सांगते. दोन्ही वचने जवळ ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उद्याचे न ठेवणारा जो श्रेष्ठ, त्याचा उद्या कोणाच्या तरी कोठीत असतो. झोळी रिकामी ठेवण्याचे वैभव, दारोदार भरलेली भांडी असतात म्हणून परवडते. आम्हांला हा टोमणा मारायचा नाही. पण अपरिग्रहाची थोरवी गाताना भांडे भरणाऱ्या बाईला खालची पायरी द्यावी, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

तरीही आजीची बाजू पुरती जिंकते असे नाही. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्तेय आणि अपरिग्रह यांचा जवळचा संबंध जोडला आहे. आज गरज नसलेली वस्तू धरून ठेवणे हीसुद्धा एक प्रकारची चोरीच, असा त्या विचाराचा रोख. तरुणपणी आम्हांला ही अतिशयोक्ती वाटे. आपल्या पैशाने, रीतसर भावाने घेतलेला गहू; यात चोरी कोणाची? दामाजीपंतांची कथा आम्हांला अधिक जवळची होती. मंगळवेढ्याची सरकारी धान्याची कोठारे त्यांनी दुष्काळात भुकेल्यांना खुली केली, असे परंपरा सांगते. पण मोठेपणी त्या कथेतली एक मेख दिसू लागली. दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्य वाटले. त्याला जिवावर उदार व्हावे लागले, हे खरे. स्वतःच्या कोठीचे झाकण उघडायला जिवावर उदार व्हावे लागत नाही. तरीही हात अडखळतो. तो का?

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरी आम्ही दोघेच होतो. नवा गहू अजून भरायचा होता, पण जुना चाळीसेक किलो शिल्लक होता. तांदूळ, डाळी, तेल, गूळ, सारे जागच्या जागी. आमच्याकडे काम करणाऱ्या बेनचा चौथ्या की पाचव्या दिवशी फोन आला. पगार आम्ही आधीच दिला होता आणि त्या समाधानात होतो. ती म्हणाली, "काकी, पैसा छे, घउं मळता नथी." तिच्या गल्लीतल्या दुकानात माल उरला नव्हता, पुढे जाऊ देत नव्हते, आणि रेशनकार्ड दाहोदकडच्या गावचे. घरात पाच माणसे.

गहू देणार होतोच. त्याबद्दल घरात दुमत नव्हते. पण देण्याआधी आम्ही काय केले, ते लिहिणे भाग आहे. आम्ही कोठीचे झाकण काढले आणि कोपरापर्यंत हात आत घालून गहू कुठवर आहे ते पाहिले. एकवीस दिवसांचे चाळीस झाले तर? चाळीसांचे शंभर झाले तर? बोटांवर महिने मोजले. महिन्याला आठ-नऊ किलो, म्हणजे चार महिन्यांहून अधिक. आणि हे सारे मोजून झाल्यावर पाच किलो दिले. पाच माणसांना पाच किलो. कोपऱ्यावरच्या चौकीपाशी तिचा मुलगा पिशवी घ्यायला आला, त्याने दोन्ही हात जोडले, आणि आम्हांला त्या क्षणी आपण काही तरी केले असे वाटले.

पुढे मे महिन्यात नवा गहूही मिळाला. जुना मागे पडला. श्रावणात एकदा जुन्या कोठीचे झाकण उघडले, तर गहू हलत होता. सोंडे. वरचा थर तर नुसते पीठ झाला होता. बराचसा गहू चाळून-पाखडूनही खाण्याजोगा राहिला नाही. गच्चीवर पक्ष्यांना टाकला. बेनला नाकारलेले काही नव्हते, तिने मागितले तेवढे मिळाले होते, असा युक्तिवाद मनाने तत्काळ केला. तो खराही आहे. तिने आकडा सांगितला नव्हता. आकडा आम्ही ठरवला होता.

तेव्हापासून आम्ही तिच्या खरेदीकडे पाहू लागलो. तेल ती छोट्या पिशवीतून घेते, साखर पाव-अर्धा किलो, गहूऐवजी बहुधा पीठच. हिशेब केला तर त्याच वस्तूला ती किलोमागे आमच्यापेक्षा जास्त पैसे मोजते, कारण आम्ही वर्षाचे एकरकमी घेतो. म्हणजे आमची काटकसर, जिचा आम्हांला एवढा अभिमान, ती हातात एकदम रक्कम असण्याची आणि घरात कोठीला जागा असण्याची काटकसर आहे. तिची खोली दहा बाय दहाची. तिथे वर्षाचा गहू ठेवायचा तर माणसांनी उभ्याने झोपावे.

म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही सुचवले, की हाथीखान्यातून दोन्ही घरांचा गहू एकदमच आणू. तिच्या वाट्याचे पैसे तिने दर महिन्याला थोडे थोडे द्यावेत, आणि गहू आमच्या कोठीत राहावा. तिने दोन दिवस विचार केला. मग, दिवेल जास्त लावू नका, मुलांना वास येतो, एवढी एकच अट घातली. गहू एकाच कोठीत पडला. कोणाचा दाणा कोणता, हे कोण सांगणार? पहिल्या तारखेला ती तिचा वाटा मोजून नेई आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करी. वर्षे गेली, रीत चालू राहिली.

गेल्या फाल्गुनात तिच्या खुणा पूर्ण झाल्या. कोठीत अजून पंधराएक किलो होता. घरून तिला म्हटले, "अगं, आहे तो गहू, ने." ती म्हणाली, "मारो हिसाब पूरो थई गयो, काकी." पुन्हा म्हटले, हिशेब राहू दे. ती हसली, भांडी घासून पुसून ठेवली, ओढणी सारखी केली आणि गेली. दुसऱ्या दिवशी येताना तिच्या हातात गल्लीतल्या दुकानातली पिठाची पिशवी होती.