कोणाची भीती खरी?

1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 14 चे दुसरे पोटकलम असे सांगते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला बंदुकीचा परवाना नाकारता येणार नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेने हे जाणूनबुजून लिहिले आहे. त्याच कायद्याचे आधीचे कलम परवाना कशासाठी द्यायचा ते सांगते: स्वसंरक्षणासाठी, खेळासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. म्हणजे मालमत्ता विचारायची नाही, पण राखायला काही आहे का हे विचारायचे. ज्याचे शेतच नाही त्याने राखायचे काय?

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत बंदूक आली ती या फटीतून. रावेर-यावलच्या केळीत रानडुकरे शिरली की एका रात्रीत काय होते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. ती भीती खोटी नाही. पण तिच्या नावाने घेतलेली बंदूक फक्त डुकरासाठी राहते का, या प्रश्नाचे उत्तर तापीकाठाने 1971 सालीच दिले आहे.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 मध्ये. तापीच्या काळ्या जमिनीत बागायत वाढत होती आणि ज्यांचे वाडवडील ती कसत होते ती भिल्ल माणसे सालदार म्हणून त्याच जमिनीवर राबत होती. सावकारी, खोटे अंगठे आणि गहाणखते यांतून जमीन कशी सरकली, हे महाराष्ट्राने पुढे कायदा करून मान्य केले. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचे कायदे 1974-75 मध्ये झाले. त्याआधी मे 1971 मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी जमलेल्या भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आदिवासी मेला. सरकारदरबारी मात्र चर्चा झाली ती लुटीची. या घटनेनंतर अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याभोवती माणसे गोळा झाली, 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. त्या संघटनेने जमीन मागितली, मजुरी मागितली, दारूचे गुत्ते फोडले. बंदुकीचा परवाना मात्र तिने मागितल्याचे मला कुठे वाचायला मिळालेले नाही. मागितला असता तर मिळाला असता, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

मुद्दा इथेच आहे. शेतमालकाला मजुराची वाटणारी भीती सरकारच्या लेखी ‘गरज’ ठरते. मजुराला मालकाची वाटणारी भीती कुठल्याच रकान्यात बसत नाही. उलट त्याच्या हातात काही सापडले, मग तो कोयता असो की तिरकमठा, तर ते गुन्ह्याचा पुरावा म्हणून पंचनाम्यात चढते.

ही विभागणी इंग्रजांनी घालून दिली. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि सातपुड्यातले नाईक तिला डोकेदुखी झाले. 1825 मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. जो भिल्ल आपल्या डोंगरात हत्यार बाळगत होता तो दरोडेखोर. त्याच भिल्लाने कंपनीची बंदूक खांद्यावर घेऊन आपल्याच भाऊबंदांचा माग काढला की तो इमानी शिपाई. हत्यार तेच, हातही तोच, फरक हुकूम कोणाचा एवढाच. खाज्या नाईक हे त्याचे मोठे उदाहरण. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण हे त्याचे सरकारमान्य काम. नोकरी गेली, तुरुंग झाला, सुटका झाली आणि 1857 मध्ये तो उठला. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीला लढाई झाली. लढाई संपल्यावर पकडलेल्या भिल्लांना जागच्या जागी चौकशीचा देखावा करून गोळ्या घातल्या गेल्या. उठावाच्या त्या धामधुमीतच देश नि:शस्त्र करण्याचे कायदे सुरू झाले. त्यांचा कळस म्हणजे व्हाइसरॉय लिटनच्या काळातला 1878 चा शस्त्र कायदा. त्याखालच्या नियमांत युरोपियनाला सूट, हिंदी माणसाला परवान्याची अट. चामडीच्या रंगावरून बंदूक ठरवणारा कायदा पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत तो जळगावच्या कचेरीतही लागू होता.

अमेरिकेकडे बघायचे ते दुसऱ्या कारणासाठी. तिथे शस्त्राचा हक्क घटनेत आहे, सगळ्यांसाठी. तरी 1857 मध्ये, म्हणजे इथे उठाव झाला त्याच वर्षी, ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिक न मानण्यासाठी दिलेल्या कारणांत एक हेही होते की, नागरिक मानले तर त्यांना शस्त्र घेऊन हिंडता येईल. गुलामगिरी गेल्यावर मिसिसिपीसारख्या राज्यांनी काळ्यांच्या बंदुकांवर बंदी घालणारे कायदे केले. 1890 मध्ये वूंडेड नी इथे लकोटा या मूळ अमेरिकी लोकांची हत्यारे काढून घेताना गोळी सुटली आणि सैन्याने दीडशेहून अधिक माणसे मारली, त्यांत बायका-मुले होती. 1956 मध्ये घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन लूथर किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. 1967 मध्ये ब्लॅक पँथरवाले भरलेल्या बंदुका उघड्यावर मिरवू लागले तेव्हा कॅलिफोर्नियाने तातडीने बंदी केली आणि तिच्यावर सही केली रोनाल्ड रेगन यांनी, जे पुढे बंदूकधारकांचे लाडके अध्यक्ष झाले. आणि 2016 मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या काळ्या तरुणाने आपल्याकडे परवान्याची बंदूक आहे हे पोलिसाला स्वतःहून सांगितले, तरी पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या.

हक्क कागदावर असला तरी कोणाच्या हातातली बंदूक धोका आणि कोणाच्या हातातली संरक्षण, हे समाज आधीच ठरवून बसलेला असतो. म्हणून ‘सगळ्यांना शस्त्र द्या म्हणजे समता येईल’ हे म्हणणे मला पटत नाही. आपल्या संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. त्यामागे काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावाचा आधार होता. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. ज्याला त्याला बाजारातून हत्यारे घेता आली तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. तो बरोबर होता. हत्यारे मोकळी झाली तर ती आधी कोणाच्या घरात साठतात, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगावे लागत नाही.

मात्र आपणही जन्म बघणे सोडलेले नाही. कोडगूमधल्या ‘कूर्ग वंशाच्या’ व्यक्तींना परवान्यातून इंग्रजी अमदानीपासून मिळालेली सूट 2019 मध्ये केंद्राने आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. दुसऱ्या टोकाला पिढीजात हत्यारे घडवणारे शिकलगर. चोपडा तालुक्याला लागून बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव गावठी कट्ट्यांसाठी बदनाम आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्या मोडल्या. ज्यांच्या पूर्वजांना हत्यारे घडवण्याबद्दल मान होता त्यांचा धंदा कायद्याने गुन्हा झाला आणि दुसरा धंदा कोणी दिला नाही. कट्टे बनवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. 2019 च्या दुरुस्तीने त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती असावीच. पण बातमीत ‘शिकलगर’ ही जात छापली जाते, आणि कट्टा विकत घेणाऱ्या वाळूवाल्याची, गुत्तेदाराची, भावी नगरसेवकाची जात कधी छापली जाते का? (परवान्याचे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून लग्नात मिरवणाऱ्याची तर आपण हौसच म्हणतो. हवेत गोळी झाडणे हा त्याच दुरुस्तीने गुन्हा झाला आहे, हे वऱ्हाडाला कोणी सांगत नाही.)

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे या बंदुका डुकरांपुरत्या नाहीत, माणसांवर दाब ठेवायच्याही आहेत, हे सरकारला पाच वर्षांतून काही आठवडे मान्य असते. उरलेला काळ आपण ते विसरतो. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी या बंदुकीची आज गरज काय, हा प्रश्न धनदांडग्यालाही तितक्याच कडकपणे विचारला जायला हवा, आणि पारध्याच्या किंवा भिल्लाच्या चारित्र्य पडताळणीत त्याने काय केले ते लिहावे, तो कोण आहे ते नव्हे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला. ठाण्याच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात किती परवाने, कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारणासाठी दिले आहेत याचा तक्ता नावे वगळून दरवर्षी जाहीर करावा. माहितीच्या अधिकारात तो मागायला वाचकांनाही कोणी अडवलेले नाही.